ठकीची मान

ठकीनं आयुष्यातलं पहिलं हळदीकुंकू लावलं ते कुमुदताई गरुडांच्या डाव्या कानाला.

हळद पाळीला आणि कुंकू थेट कुडीत. कुमुदताई आमच्या दुकानातल्या स्टुलावर ओणव्या होऊन बसल्या होत्या, डोळे मिटून, देवासमोर बसावं तशा. ठकीचा हात खाली वाटीत जायचा, वर यायचा आणि पुन्हा कानच गाठायचा. मी मागून बटण बंद करेपर्यंत चार वेळा झालं. कान लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता.

"उज्ज्वला," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "कपाळ कुठे असतं ते दाखवलंयस का हिला?"

"दाखवलंय. खांदा घसरतोय."

"माझा?"

"तिचा."

मग त्यांनी डोळे उघडले, पर्समधला आरसा काढला आणि आधी कपाळ बघितलं, मग कान. मागे शिलाईवर बसलेल्या माझ्या मोठ्या जाऊ, अक्का, खाली मान घालून जोरात मशीन चालवायला लागल्या. मशीनमध्ये कापड नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. ठकी म्हणजे दीड फूट उंचीचा, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, माणसासारखा रोबो. माझी लेक केतकी इंजिनियरिंगला होती तेव्हा तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी तो प्रोजेक्ट म्हणून जोडला होता. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, केतकीला चेन्नईला नोकरी मिळाली आणि रोबो खोक्यात घालून कराडला माझ्याकडे आला. माझं शिक्षण बारावी, तेही कॉमर्स. पण आमचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. मोठे दीर, म्हणजे अक्कांचे यजमान, ते चालवायचे. त्यांची पाठ धरायला लागली तेव्हा मी हत्यारं उचलून द्यायला उभी राहिले आणि काही वर्षांत मशीनच उघडायला लागले. दुसऱ्याच्या हाताकडे बघत बघत जे येतं, ते मला येतं. खोक्यातला तो सापळा बघितल्यावर मला राहवलं नाही. गिऱ्हाईक नसेल त्या दुपारी मी मोबाईलवर व्हिडिओ लावून बसायचे. सांगणाऱ्याचं इंग्रजी कळायचं नाही, पण हात दिसायचे.

ठकीच्या प्रत्येक सांध्यात एक सर्वो होता. सर्वो म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी मोटर. साधी मोटर गरगर फिरत राहते. सर्वो सांगितलं तेवढाच वळतो आणि तिथंच धरून थांबतो. माणसात हा गुण फार कमी सापडतो. असे सतरा सर्वो : पायात दहा, हातात सहा आणि मानेत एक. ठकी हे नाव अक्कांनी ठेवलं. लहानपणी त्यांच्याकडे लाकडाची बाहुली, ठकी, होती, तिचेही खांदे असेच चौकोनी होते म्हणे.

आमच्या शांतिदीप कॉलनीत सौभाग्य महिला मंडळ होतं. त्याचं संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीला, कॉलनीच्या हॉलमध्ये. दुकानाच्या काचेतून कुमुदताईंनी ठकीला नमस्कार करताना पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की पलीकडच्या कॉलनीनं नगरसेविकेला बोलावून लेझीम दाखवलं असेल, पण रोबोच्या हातचं हळदीकुंकू अख्ख्या कराडात झालेलं नाही. कल्पना चांगली होती. मी हो म्हणाले. का म्हणाले ते सांगते.

ते मंडळ अक्कांनी काढलं होतं. वहीत पहिलं नाव त्यांचं : सौ. प्रमिला टिकारे. वीस वर्षं हॉलच्या दाराशी त्या करंडा घेऊन उभ्या राहायच्या. कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचा साखरपुडा, सगळं त्या दारातच कळायचं. या सगळ्याच्या दीड वर्ष आधी, भाद्रपदात, भावजी गेले. त्यानंतरची पहिली संक्रांत आली तेव्हा मंडळाच्या बैठकीत कुमुदताई फार गोड आवाजात म्हणाल्या की अक्कांच्या हातच्या लाडवाला जोड नाही, तर या वर्षी अक्कांनी आतलं बघावं. तुम्ही येऊ नका असं कुणीच म्हणालं नाही. काम दिलं. अक्कांनी हॉलमागच्या स्वयंपाकघरात बसून तीनशे तिळाचे लाडू वळले आणि शेवटी मागच्या दारानं घरी आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "गुळाचा पाक जरा पुढं गेला होता." एवढंच.

या वर्षीही त्या आतच असणार होत्या. ते ठरवावंही लागलं नव्हतं.

तर कान पुसून झाल्यावर कुमुदताईंनी दोन अटी घातल्या. एक, रथसप्तमीच्या आत खांदा बसवायचा. दुसरी, ठकीला रिमोट पाहिजे.

"रिमोट कशाला?" मी म्हणाले. "छातीत सेन्सर आहे. वीतभर अंतरावर कुणी आलं की तिला कळतं आणि ती आपोआप लावते."

"तेच नको. हॉलमध्ये दहा प्रकारची माणसं येतात. लाईटवाला येतो, कुणाचे मिस्टर न्यायला येतात." त्यांनी आवाज खाली आणला. शिलाईवर अक्का होत्याच. "आणि बाकीचंही असतं ना. कुणाला लावायचं ते आपल्या हातात पाहिजे. मी बटण दाबीन तेव्हाच तिनं हात उचलायचा."

"बघते," मी म्हणाले.

त्या गेल्यावर अक्का उठून आल्या. ठकीचा हात त्यांनी वर-खाली केला आणि खांद्याला नाक लावलं. "उज्जी, हे आपलं तेल."

आमच्या दुकानात दर शुक्रवारी सगळ्या मशीनना तेल घालतात. भावजींचा नेम. शुक्रवारी तेल घातलेल्या मशीनला वर्षभर डॉक्टर लागत नाही, असं ते म्हणायचे. ठकी दुकानात राहायला आल्यापासून मी तिलाही शुक्रवारी तेल घालत होते, प्रत्येक सांध्यात दोन थेंब. सर्वो उघडला तेव्हा आत लोणच्याचा खार निघाला. जुन्या तेलात त्या चार वेळची हळद कालवली गेली होती. सर्वोच्या पोटात एक बारीक चकती असते, आपण किती वळलो ते मोटरला तिच्यावरून कळतं. ती चकती तेलात बुडाली होती, त्यामुळे ठकीला कान हेच कपाळ वाटत होतं. वर आतले दाते प्लास्टिकचे, तेही अर्धे झिजलेले. चूक तिची नव्हती.

रात्री जेवताना हे सगळं मी यांना सांगितलं. आमचे हे पोस्टात. शांतपणे ऐकून म्हणाले, "शुक्रवार सोडून दुसरा वार बघितला असता तर?" मी त्यांना पुढचं काही सांगितलं नाही.

केतकीनं चेन्नईहून धातूच्या दात्यांचे सर्वो पाठवले. बदलायचं काम मी आणि अक्कांनी चार दुपारी केलं. जुने सोडवायचं माझ्याकडे आणि नवे बसवायचं अक्कांकडे. सर्वोच्या टोकाला एक पांढरी चकती बसते, तिच्यावर हात किंवा पाय अडकतो आणि ती मधोमध एका बारक्या स्क्रूनं घट्ट होते. तो स्क्रू माझ्या बोटांत ठरेना. पन्नाशी ओलांडली तरी अक्का चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या. त्यांनी लावलेलं बटण कापड फाटलं तरी सुटत नाही, अशी पेठेत ख्याती. त्या स्क्रू पिळायच्या, शेवटी अर्धा फेरा जास्त द्यायच्या आणि वर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवायच्या. नेलपॉलिश सुकलं की स्क्रू हलत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, "पापडाच्या मशीनचा नट सुटायचा. आणि आता ती बाटली दुसरीकडे कुठे वापरू?"

सतराच्या सतरा ठिपके झाले. चालू केलं. ठकीनं नमस्कार केला, कारण तिचं पहिलं काम तेच. मग हात वाटीकडे नेला, मध्येच थरथरली, विझली, पुन्हा पेटली आणि पुन्हा नमस्कार. पुन्हा विझली, पुन्हा नमस्कार. दुकानात पिको करायला आलेली बाई म्हणाली, "कुठल्या वॉर्डातनं उभी आहे?"

केतकीनं फोनवर सांगितलं की नवे सर्वो ताकदवान आहेत, सगळे एकदम हलले की इतका करंट ओढतात की त्यांना हुकूम देणाऱ्या जुन्या बोर्डाचा जीव जातो. बोर्ड जागं झालं की पहिल्यापासून सुरू करतं. सर्वोंना वेगळी बॅटरी आणि नवं बोर्ड घ्यावं लागेल. कुरियरची वाट बघायला दिवस नव्हते. मी सकाळची एस.टी. धरून पुण्याला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हातारे होते, चष्मा कपाळावर. मी म्हणाले, सतरा सर्वोंसाठी बोर्ड दाखवा.

"मुलाचा प्रोजेक्ट का?"

"माझा."

"नाही, म्हणजे करतंय कोण?"

"मी आणि माझी जाऊ."

त्यांनी चष्मा खाली घेतला. मी पिशवीतून सर्वो काढला, कुठून किती तारा जातात ते सांगितलं, बोर्ड कसं विझतं तेही सांगितलं. मग त्यांनी मला आत बसायला खुर्ची दिली.

समोर दोन बोर्डं ठेवली. एक बत्तीस सर्वोंचं. त्याच्याबरोबर हातात धरायचा रिमोट, व्हिडिओ गेमला असतो तसा. "हे डोळे झाकून घ्या," ते म्हणाले. "सगळं बसेल, वर जागा उरेल. दाबलं की हलणार, नाही दाबलं तर नाही. ह्यूमनॉइडला, म्हणजे असल्या माणसासारख्या रोबोला, सगळे हेच नेतात." दुसरं साधं, सोळा सर्वोंचं. त्याला रिमोट नाही. सेन्सरचं ऐकणारं एक छोटं बोर्ड बरोबर जोडायचं, समोर कुणी आलं की ठरलेलं काम करायचं, झालं. "पण ते तुमच्या कामाचं नाही. सोळाच घेतं. तुमचे सतरा."

मी दोन्ही हातात घेऊन बघितली. मला आठवतं, बत्तीसवालं खरंच सुंदर होतं, हिरवंगार, पिनांच्या सरळ ओळी, एखाद्या चांगल्या वाफ्यासारखं.

"सोळावालं द्या."

"अहो ताई, एक सांधा उघडा राहील. कुठला सोडणार? पायाचा सोडलात तर ती पडेल. हाताचा सोडलात तर ज्यासाठी करताय ते राहील."

"मानेचा सोडते."

"मान हलली नाही तर रोबोला मजा काय?"

"मान हलली की हो पण म्हणता येतं आणि नाही पण," मी म्हणाले. "हिला नाही म्हणायची गरज नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. मग एका कागदावर दोन्ही बोर्डांची नावं लिहिली, तारा कशा जोडायच्या ते काढून दिलं आणि खाली लिहिलं : बत्तीसवालं केव्हाही बदलून मिळेल, रिमोटसह. चांगला माणूस.

कुमुदताईंना मी सांगितलं की रिमोटचं बोर्ड मिळालं नाही. त्यांचा चेहरा पडला. "पुण्यात नाही?" म्हणाल्या. मी म्हणाले, संपलेत, संक्रांतीमुळे. हे वाक्य मी कसं बोलले आणि त्यांनी कसं ऐकून घेतलं, मला आजही कळत नाही. शेवटी असं ठरलं की मी ठकीच्या मागे बटणावर अंगठा ठेवून उभी राहायची आणि कुमुदताईंनी खूण केली की बंद करायची.

त्यानंतर अक्कांनी काम हातात घेतलं. मानेचा सर्वो तसाच ठेवून त्यांनी बक्रमची ताठ कॉलर शिवली, म्हणजे डोकं सरळ राहिलं. हळद आत जाऊ नये म्हणून अस्तराच्या चिमुकल्या बाह्या शिवल्या. नऊवारी शिवली, कारण सहावारीत गुडघे अडकत होते. हाताच्या टोकाला त्यांनी स्पंज बांधला, आणि तोही अनामिकेच्या जागी. मी म्हणाले, बोटं नाहीतच तर कुठलं बोट आहे कुणाला कळणार? अक्का म्हणाल्या, "मला कळेल." बायका कमी-जास्त उंचीच्या, तर कपाळ एका जागी यावं म्हणून चष्म्याच्या डॉक्टरकडे असतो तसा हनुवटी ठेवायचा लाकडी टेकूही त्यांनीच करवून घेतला. रोज दुपारी सराव. कपाळ म्हणून आम्ही कणीक मळायची परात उभी करायचो, नंतर शिलाईचा डोकंवाला पुतळा. कणकेच्या परातीवर इतकं नेमकं हळदीकुंकू कुणी लावलं नसेल.

"तुमच्यावर बघू का एकदा?" एका दुपारी मी सहज विचारलं.

अक्का दोरा तोडत होत्या. "पुतळा आहे की," म्हणाल्या.

रथसप्तमीला हॉल भरला. मधे टेबल, टेबलावर ठकी, हिरवी नऊवारी, खांद्यावर पदर. मागे मी, अंगठा बटणावर. शेजारी वाणाचा ढीग : त्या वर्षी चहाची गाळणी होती. भिंतीकडच्या खुर्च्यांवर कॉलनीतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, ज्यांना फक्त मशीन बघायचं होतं. अक्का आत. दार लोटलेलं होतं, फटीतून भाजलेल्या तिळाचा वास येत होता.

कुमुदताईंनी माईक घेतला. मंडळाची परंपरा, नारीशक्ती, विज्ञान हे सगळं झालं. मग त्या ओघात म्हणाल्या, "आणि यंत्राचं वैशिष्ट्य काय, तर यंत्राला लहान-मोठं कळत नाही, गरीब-श्रीमंत कळत नाही. ते सगळ्यांना सारखंच मानतं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण अंगठा बटणावर होता.

नगरसेविका पहिल्या बसल्या. ठकीनं नमस्कार केला, हळद लावली, कुंकू लावलं, अगदी भुवयांच्या मध्ये. हॉलमध्ये एकच कल्ला झाला. मग रांग लागली. दहा झाल्या, वीस झाल्या. बायका हनुवटी टेकवून फोटो काढत होत्या. एकीनं दोनदा रांग लावली. कुमुदताईंच्या चेहऱ्यावर पलीकडची कॉलनी हरल्याचं समाधान होतं.

चौतिसाव्या बाईला हळद लागली आणि कुंकवाच्या वेळी ठकीचा उजवा हात खांद्यातून गळून खाली लोंबायला लागला.

मी बंद केलं. पदर बाजूला करून बघितलं तर पांढरी चकती निघून आली होती. मधला स्क्रूच जागेवर नव्हता. टेबलावर बघितलं, खाली सतरंजीवर हात फिरवून बघितलं, चार बायकांना पाय उचलायला लावले. कुठेच नाही. माझ्या डबीत जादाचे स्क्रू होते, त्यातला एक काढला आणि तो माझ्या हातून दोनदा पडला. ती अर्धी बाई हळद लावून तशीच बसलेली. मागून कुणीतरी विचारलं की अर्धं चालतं का.

"काहीतरी कर," कुमुदताई माईक झाकून म्हणाल्या.

"अक्कांना बोलवा," मी म्हणाले.

त्यांनी माईक टेबलावर ठेवला. मग स्वतःच जाऊन दार उघडून उभ्या राहिल्या.

अक्का आल्या. हात धुतलेले, पदर खोचलेला आणि कमरेला स्क्रूड्रायव्हर. बायकांनी आपोआप वाट दिली. दोन वर्षांनी अक्का त्या हॉलच्या मधोमध उभ्या होत्या आणि जी ती त्यांच्याकडे बघायचं टाळत त्यांच्याकडेच बघत होती. अर्धी बाई उठली. अक्का स्टुलावर बसल्या, कारण तो स्क्रू समोरूनच लागतो. माझ्या हातातला स्क्रू घेतला, चकती बसवली, पिळला, शेवटी अर्धा फेरा जास्त दिला. तीस सेकंदसुद्धा लागले नसतील.

"चालू कर," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्ही जरा बाजूला—"

"चालू कर गं. खांदा धरतोय का बघू दे."

त्या जागच्या हलल्या नाहीत. कुमुदताई माझ्याकडे बघत होत्या. मी चालू केलं.

ठकीनं नमस्कार केला. अक्कांनीही केला, कुणी घरी आल्यावर करावा तसा. मग त्यांनी हनुवटी टेकवली. कॉलरमधलं ते डोकं सरळ अक्कांकडे बघत होतं. छातीतल्या सेन्सरला वीतभर अंतरावर कुणीतरी दिसलं. कोण, ते त्याला कळायचं कारण नव्हतं. हात हळदीच्या वाटीत गेला. वर आला.

माझा अंगठा बटणावर होता. कुमुदताईंचा हात खुणेसाठी छातीपर्यंत उचललेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. तो तिथंच राहिला. माझा अंगठाही.

हळद लागली. मग कुंकू.

अक्कांनी हात कपाळाकडे नेला. सगळ्यांना वाटलं पुसतात. त्यांनी नाकाच्या शेंड्यावर सांडलेलं तेवढं कुंकू बोटानं टिपलं आणि पदराला पुसलं.

"अजून थोडा ढिला वाटतोय," त्या मला म्हणाल्या. "दर पाच बायकांमागे बघावा लागेल. मी इथंच बसते."

आणि स्टूल सोडून त्यांनी टेबलाशेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या.

कुमुदताईंनी माईक उचलला, खाली ठेवला. नगरसेविकेकडे बघितलं. त्या तिळाचा लाडू खात होत्या. काहीतरी बोलणं भाग होतं आणि यंत्र सगळ्यांना सारखं मानतं हे तर बोलून झालं होतं. शेवटी त्यांनी ढिगातली एक गाळणी उचलली, अक्कांकडे न बघता त्यांच्यापुढे धरली आणि माईकमध्ये म्हणाल्या, "पुढच्या या."

पुढच्या यायच्या आधी भिंतीकडच्या खुर्चीवरून मूळच्या वारुंजी गावच्या शेवंताआजी उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, कपाळ चाळीस वर्षं रिकामं. काठी टेकत थेट स्टुलापर्यंत आल्या. रांगेतली बाई म्हणाली, आजी, रांग आहे. आजी म्हणाल्या, "मला काय कुकवाची हौस न्हाई. मशीन कसं करतंय ते जवळनं बघायचंय." आणि हनुवटी टेकवून बसल्या.

त्या दिवशी तीन आज्यांना मशीन जवळून बघायचं होतं. अक्का दर पाच बायकांनी उठून खांदा बघायच्या. खांदा जरासुद्धा हलला नव्हता. मी बघत होते ना.

घरी येताना अक्का पुढच्या दारानं आल्या. रस्त्यात एवढंच म्हणाल्या की गाळणीची जाळी बारीक आहे, चहा तुंबेल.

त्यानंतर दर रथसप्तमीला ठकी हॉलमध्ये जाते. बायका येतात, बसतात, आता फोटोही फारसे काढत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कुमुदताईंचे यजमान, गरुडकाका, गेले. त्या संक्रांतीला कुमुदताई येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, रांगेत सगळ्यांत शेवटी. स्टुलावर बसून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "या वेळी कान नको गं." बटणावर अक्का होत्या. त्यांनी ठकीला दोनदा लावू दिलं.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. अक्कांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं आणि सुईकाम महिनाभर बंद. एका गिऱ्हाइकाला शेरवानीचं बटण हवं होतं म्हणून मी त्यांचा बटणांचा डबा पहिल्यांदा उघडला. त्या डब्याला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. तळाशी औषधाच्या कागदाची एक पुडी होती. आत एक बारका स्क्रू. डोक्यावर लाल नेलपॉलिश.

नेलपॉलिश लावलेला स्क्रू आपोआप सुटत नाही. सोडवावा लागतो.

मी पुडी घेऊन आत गेले. अक्का काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. मी तळहात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा जरा वर केला, बघितलं, पुन्हा खाली केला.

"स्क्रूशिवाय चकती किती बायका निभेल ते कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पुतळ्यावर मोजलं होतं. तीस धरल्या होत्या." मग म्हणाल्या, "चार जास्त धरलं तिनं."

"मला सांगायचं तरी. माझा जीव गेला होता तिथं. मी बंद केलं असतं तर?"

"तू नसतं केलंस."

"कशावरून?"

"पुण्याहून आलीस तेव्हा तुझी पिशवी मी रिकामी केली," अक्का म्हणाल्या. "त्यात दुकानदाराचा कागद होता. रिमोटवालं केव्हाही मिळेल म्हणून लिहिलेला. मी तुला काही विचारलं का?"

मी पुडीची घडी पुन्हा घातली.

"ठेव तो जागेवर," त्या म्हणाल्या. "आणि आज शुक्रवार आहे. मशीनना तेल घाल. ठकी सोडून."